दगडांची विद्या आणि आपल्या मुली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. कॉलेजातल्या भूशास्त्राविषयी बोलण्याचा हिला काय अधिकार, असे कुणाच्या मनात आले तर त्यात चूक नाही. पण माझी धाकटी मुलगी ते शास्त्र शिकते. तिच्यामुळे मला जे कळले, तेवढेच सांगते.

आपल्या पायांखालचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थंड झालेला लाव्हारस. पाणी राहते ते त्याच्या भेगांत. म्हणून एका विहिरीला वैशाखातही पाणी असते आणि शेजारची कोरडी पडते. असे का, हे सांगणारी विद्या ती भूशास्त्र. पाण्याचे हंडे पिढ्यान्‌पिढ्या आपण वाहिले. मग ही विद्या आपल्या मुलींना परकी का असावी?

ही विद्या नुसत्या वर्गात येत नाही. हातोडी व होकायंत्र घेऊन डोंगरांत हिंडावे लागते. कॉलेजात प्रवेश सर्वांना मिळतो. दार अडते ते या सहलीपाशी. गेल्या वर्षी सहल निघाली. बरोबर शिक्षिका नाही, मुक्कामी शौचालय आहे की नाही ते कुणी सांगेना. यजमानांनी नको म्हटले आणि, खरे सांगते, मीही नको म्हटले. मुलीचे गुण गेले. तिच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील दगड फोडतात. दगडाची नस तिला सर्वांहून अधिक कळते; पण सहलीचे आणि बुटांचे पैसे नव्हते, म्हणून ती राहिली. एक मुलगा पायाने अधू आहे. त्याला तर कुणी विचारलेसुद्धा नाही.

बायकांना हे झेपत नाही, असे म्हणू नका. नागपुरात जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता १९८३ साली भारताच्या मोहिमेबरोबर अंटार्क्टिकाला गेल्या. मात्र १९५२ च्या खाण कायद्याने स्त्रियांना जमिनीखालच्या खाणीत काम करण्याची मनाई होती. तिथली दिवसाची तांत्रिक व देखरेखीची कामे खुली व्हायला २०१९ साल उजाडले. अंगात बळ होते, वाट नव्हती.

शेवटी मीच पदर खोचून कॉलेजात गेले. विभागप्रमुखांना म्हटले, "सर, बरोबर शिक्षिका द्या. मुक्कामाची सोय आधी कळवा. गरिबाच्या मुलांचा खर्च कॉलेजाने सोसावा. ज्याला डोंगर चढवत नाही, त्याला रस्त्याकडेच्या कातळावर तेच काम द्या." त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. यंदा शिक्षिका जाणार आहेत. बाकीचे त्यांनी अर्ज करून मागायला सांगितले आहे. तो अर्ज मी आणला आहे. सभा संपल्यावर सर्वांनी त्यावर सह्या कराव्यात.

मंडळाला आणखी एक विनंती. यंदा हळदीकुंकवाचे वाण थोडे साधे ठेवू आणि उरलेल्या पैशांतून त्या मुलीच्या बुटांची व सहलीची सोय करू. आणि आपली लेक परवानगी मागायला आली, तर नाही म्हणण्याआधी सोय काय आहे ते विचारा. सोय नसेल तर ती मागायला जा. मी गेल्या वर्षी तेवढे केले असते, तर माझ्या मुलीचे वर्ष सुने गेले नसते.