पेट्रोलपंप : काल आणि आज
(कॅसलरॉक येथील भाषणाचा सारांश)



1961 पर्यंत गोव्याच्या सरहद्दीवरचे हे गाव आगगाडीमुळे ओळखले जाई. इंधन म्हणजे इंजिनाचा कोळसा. पुढे मोटारी वाढल्या आणि पेट्रोलपंपाशी आपला संबंध आला. जुन्या पंपावर दांडा हलवून पेट्रोल वरच्या काचेच्या नळकांड्यात चढवीत; किती मिळाले, ते गिऱ्हाइकास प्रत्यक्ष दिसे. बर्मा-शेल 1976 मध्ये सरकारी झाली, 2000 साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. सुधारणा पुष्कळ झाल्या, पण ती काच गेली! आता आकडे दिसतात, तेल दिसत नाही. म्हणून आकडा शून्यावर आहे ना, हे आधी पाहावे. शंका आल्यास पंपावरील मुद्रांकित पाच लिटरचे माप निःसंकोच मागावे. तो आपला हक्क आहे. भेसळीचा संशय असल्यास गाळणकागद मागावा. शुद्ध पेट्रोलचा थेंब त्यावर डाग न ठेवता उडून जातो.