मुखशुद्धीचा काढा आणि खर्ऱ्याची पुडी



चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यात हिरडा, बेहडा आणि आवळा ही तिन्ही झाडे आपसूक वाढतात. शहरातील गृहिणी जे त्रिफळा चूर्ण दुकानातून विकत आणते, त्याचे मूळ द्रव्य येथे रानात वेचायला मिळते. त्यापासून घरच्या घरी उत्तम मुखधावन सिद्ध होते.

कृती सोपी आहे. तिन्ही फळांच्या बिया काढून, वाळलेल्या साली समभाग घेऊन जाडसर कुटाव्यात. एक चहाचा चमचा भरड दोन कप पाण्यात मंद आचेवर निम्मे होईतो उकळावी, स्वच्छ फडक्यातून गाळावी आणि काढा कोमट असताना त्यात चिमूटभर सैंधव घालावे. सकाळी व रात्री दात घासल्यावर याच्या चुळा भराव्यात. काढा गिळू नये. तो रोज ताजा करावा, कारण त्यात टिकवणारे कोणतेही द्रव्य नसते. ज्या लहान मुलांना चूळ नीट थुंकता येत नाही, त्यांना देऊ नये. हिरड्यांतून रक्त येत असल्यास याच काढ्यात बाभळीच्या सालीचा तुकडा उकळावा. या साली तुरट असतात. तो तुरटपणा हिरड्यांना आवळतो. दात घासण्याला मात्र हा काढा पर्याय नव्हे, ती त्याची पुढची पायरी आहे.

हे ज्ञान नवे नाही. वाग्भटांच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात दंतधावन येते आणि गंडूषही येतो. तोंड पूर्ण भरून द्रव स्थिर धरणे म्हणजे गंडूष. द्रव तोंडात खुळखुळवता येईल इतकाच घेणे म्हणजे कवल. आपली रोजची चूळ कवलाच्या जवळची.

परंतु ज्या प्रदेशात ही औषधी रानात मिळते, तेथेच मुखाचा सर्वांत मोठा शत्रू पानठेल्यावर मिळतो. तो म्हणजे खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेली ही पुडी शेतात, कचेरीत, बसथांब्यावर सर्वत्र दिसते. राज्याने 2012 साली गुटख्यावर बंदी घातली, पण खर्रा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत घोटला जातो. काही जण त्याला परंपरा म्हणतात. ते खरे नव्हे. तंबाखू या देशात पोर्तुगीजांमार्फत आली. वाग्भटांच्या तांबुलात ती असणे शक्यच नव्हते. सुपारीही निर्दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तंबाखूविरहित सुपारीलाही कर्करोगकारक ठरविले आहे. सुपारीने गालाच्या आतील त्वचा ताठरते, तोंड उघडेनासे होते, तिखट सोसवत नाही. पुढे तेथेच कर्करोग उद्भवू शकतो.

खर्रा खाऊन त्रिफळ्याची चूळ भरणारा मनुष्य स्वतःचीच फसवणूक करतो. काढा दुर्गंधी घालवील, ताठरलेली त्वचा पूर्ववत करणार नाही. उलट दुर्गंधी गेल्याने रोग झाकला जाईल, हा धोका मोठा.

गडचिरोलीत 2016 पासून शासन, ‘सर्च’ आणि टाटा ट्रस्ट यांच्या सहकार्याने ‘मुक्तिपथ’ अभियान उभे राहिले. दारू आणि तंबाखू या दोन्हींविरुद्ध गावोगावी माणसे संघटित करणे, हा त्याचा मार्ग. पण अभियान गावाच्या वेशीपर्यंत येते. उंबरठ्याच्या आतले काम कुटुंबालाच करावे लागते. वडिलांसाठी पुडी आणायला मुलाला धाडणारे घर त्या मुलाच्या हातीही उद्या पुडीच देत असते.

म्हणून काढा उकळण्यापूर्वी घरातील प्रत्येकाने एक परीक्षा करावी. स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जातात का, ते पाहावे. जात नसतील, पांढरा वा लाल चट्टा दिसत असेल, किंवा दोन आठवड्यांत न भरणारा व्रण असेल, तर चूळ भरीत बसू नये. थेट दंतवैद्याकडे वा शासकीय रुग्णालयात जावे. वेळीच सापडलेला रोग बरा होऊ शकतो.

पुडी आधी उंबरठ्याबाहेर जाऊ द्या. त्रिफळ्याचे पातेले मग चुलीवर चढू द्या.