घरांत वाढवावयाचीं मिरचीचीं रोपें

मिरची ही मूळची अमेरिकेची. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांबरोबर ती भारतांत आली आणि मराठी स्वयंपाकघरांत अशी रुळली कीं, ती परकी आहे हें कोणाच्या ध्यानींमनींही येत नाहीं. परंतु रोपाच्या बाळपणीं तिची मूळची प्रकृति दिसून येते. तिला ऊब हवी, थंडी नको. ओल हवी, चिखल नको.

पुण्यांतील एका गृहिणीचें उदाहरण घ्यावें. तिनें ऐन पौषांत खिडकींतल्या कुंडींत मिरचीचें बीं दाट पेरलें. पंधरा दिवस कांहींच दिसेना, म्हणून ती सकाळ-संध्याकाळ पाणी घालूं लागली. अखेर रोपें आलीं. आणि चारच दिवसांनीं पाहते तों निम्मीं रोपें बुडाशीं मऊ पडून आडवीं झालेलीं! तिच्या सासूबाई एवढेंच म्हणाल्या, "अगं, भूक नसतांना लेकराला भरवूं नये, तसें तहान नसतांना रोपाला पाजूं नये."

सासूबाईंचें निदान बरोबर होतें. ह्या रोगाला रोपें कोलमडणें असें म्हणतात. थंड, ओल्या व कोंडलेल्या मातींत बुरशीसारखे सूक्ष्म जीव माजतात आणि कोंवळा देठ मातीलगत कुजवितात. आडवें झालेलें रोप पुन्हां उभें राहत नाहीं. तें भोंवतालच्या मातीसकट काढून टाकणें आणि बाकीच्यांचें पाणी कमी करणें, एवढेंच हातीं उरतें. म्हणून खरा उपाय पेरणीच्या आधींच करावयाचा असतो.

प्रथम बियाण्याचा विचार. बाजारांतील हिरव्या ढोबळ्या मिरचीचें बीं बहुधा उगवत नाहीं, कारण तें फळ कच्चेंच तोडलेलें असतें. लवंगी, ज्वाला अशा जातीची झाडावर लाल पिकलेली मिरची निवडून तिचें बीं सावलींत वाळवावें. संकरित जातीचें बीं धरल्यास मूळ झाडाचे गुण उतरतीलच असें नाहीं. बीं काढल्यावर हात साबणानें धुवावे. तिखटपणा मुख्यतः बियांना धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या गाभ्यांत असतो, आणि तो बोटांस लागून राहतो.

तळाला भोकें असलेल्या पसरट कुंडींत चाळलेली माती, चांगलें कुजलेलें शेणखत आणि नारळाच्या काथ्याचा भुसा समभाग मिसळून भरावा. बीं अर्धा ते एक सेंटिमीटर खोल, दोन बोटांच्या अंतरानें टाकावें. २५ ते ३० अंश सेल्सियस उष्णता मिळाल्यास आठ-दहा दिवसांत कोंब दिसतो. तोंवर कुंडी ओलसर फडक्यानें झांकावी. कोंब दिसतांच फडकें काढावें.

त्यानंतर रोपांस उजेड आणि वारा हवा. उजेड अपुरा पडला तर रोपें उंच, फिकट व लुकडीं होतात. म्हणून कुंडी सकाळचें ऊन येणाऱ्या खिडकींत ठेवून रोज थोडी फिरवावी. मातीचा वरचा थर बोटाला कोरडा लागल्यावरच कुंडी पाण्याच्या ताटलींत पाव तास ठेवावी, म्हणजे पाणी खालून वर चढतें व देठ कोरडा राहतो.

पहिल्या दोन पानांनंतर खरीं दोन पानें आलीं म्हणजे प्रत्येक रोप वेगळ्या लहान कुंडींत लावावें. धरतांना पान धरावें, देठ नव्हे. पान फाटलें तर दुसरें येतें, देठ चेंगरला तर रोपच जातें. पानें वरच्या बाजूस वळूं लागलीं तर फुलकिडे, खालीं वळूं लागलीं तर कोळी आले असावेत असें समजून पानांची खालची बाजू तपासावी.

साधारण ३५ ते ४५ दिवसांचें रोप मोठ्या कुंडींत जाण्यास योग्य होतें. मात्र तत्पूर्वीं आठवडाभर रोज थोडा अधिक वेळ त्याला बाहेरचें ऊन-वारें दाखवावें. घरांत वाढलेलें रोप एकदम कडक उन्हांत नेल्यास करपतें.

त्या गृहिणीनें फाल्गुनांत पुन्हां बीं पेरलें, ह्या वेळीं विरळ, आणि पाण्याचा तांब्या हातीं घेण्यापूर्वीं माती बोटानें पाहण्याची संवय लावून घेतली. आषाढांत तिच्या सज्जांतल्या झाडाची पहिली मिरची सासूबाईंच्या ताटांत भाकरीशेजारीं होती.