पितळी टोकन जमवायचंय? चिंच बाजूला ठेवा!

आजचा विषय, बँकेची जुनी पितळी टोकनं.

चेक दिला की नंबरचं टोकन मिळायचं. नंबर पुकारला की ते परत देऊन पैसे घ्यायचे. टोकन बँकेतच राहायचं, म्हणून बाहेर कमी सापडतं.

माझं पहिलं अकोल्यात भंगारात मिळालं, इम्पीरियल बँकेचं. घरी चिंच-राखेनं घासलं. चकाकलं खरं, पण जुनी झाक गेली ती गेलीच. तुम्ही कोरड्या मऊ कापडानंच पुसा.

टोकनावर साल नसलं तर नाव वाचा. इम्पीरियल बँक १९२१ ते १९५५. मग तीच स्टेट बँक झाली. ‘बँक ऑफ बॉम्बे’ दिसलं, तर १९२१ च्या आधीचं.

आणि कुठं, कुणाकडून मिळालं ते लगेच लिहून ठेवा. अमरावतीतल्या तुमच्या आजोबांनाही विचारा.