घरचा साबण : करंजतेलाचा आणि चरबीचा



बांधावरच्या करंजाच्या शेंगा उन्हाळ्याच्या तोंडी गळून पडतात. बऱ्याच ठिकाणी त्या तशाच कुजतात, नाहीतर चुलीत जातात. गावात जत्रा झाली की बोकडाची चरबीही अशीच कुत्र्यांच्या वाट्याला जाते. या दोन्ही वस्तूंपासून धुण्याचा आणि अंगाचाही चांगला साबण घरी करता येतो. तो कसा करावा, हे आज सांगणार आहे.

आधी हिशेबाचं बोलू. सगळं तेल दुकानातून विकत आणून साबण कराल, तर तो बाजारच्या वडीपेक्षा स्वस्त पडणार नाही. फायदा आहे तो घरचं बी किंवा घरची चरबी असेल तरच. करंजाचं शंभर किलो बी घाण्यावर नेलं तर साधारण पंचवीस किलो तेल मिळतं. उरलेली पेंड शेताला उत्तम खत. हे तेल कडू, खाण्याच्या उपयोगाचं नाही, म्हणून साबणाला वापरताना जीवही हळहळत नाही.

चरबीबद्दल एक खुलासा. परदेशात साबणाला गाईबैलांची चरबी सर्रास वापरतात. आपल्याकडे १९८३ साली वनस्पती तुपात चरबी मिसळल्याचं प्रकरण गाजलं आणि सरकारने चरबीची आयात बंद केली. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवरील बंदी २०१५ साली बैल आणि वळूंनाही लागू झाली. तेव्हा आपल्या घरी चरबी म्हणजे शेळी-मेंढीची. ज्यांना ती चालत नाही त्यांनी करंजतेल घ्यावे, साबण दोन्हींचा होतो.

चरबी आधी कढवून घ्यावी लागते. बारीक तुकडे करून, बुडेल एवढे पाणी आणि मूठभर मीठ घालून मंद आचेवर ठेवा. चरबी वितळली की फडक्यातून गाळा. भांडे रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी वर पांढरी घट्ट थाळी जमलेली दिसेल. ती उचलून खालचा गाळ खरवडून टाका. वास राहिला तर पुन्हा एकदा पाण्यात उकळा.

आता प्रमाण. करंजतेल ५०० ग्रॅम, खोबरेल ४०० ग्रॅम, एरंडेल १०० ग्रॅम. मिळून एक किलो. याला कॉस्टिक सोडा १४५ ग्रॅम आणि पाणी ३३० ग्रॅम. करंजतेलाच्या जागी चरबी घेतली तर सोडा १४८ ग्रॅम. खोबरेलामुळे वडी कडक होते आणि विहिरीचं पाणी जड असलं तरी फेस येतो, म्हणून ते गाळू नका. प्रत्येक तेलाला सोडा वेगळा लागतो. तेल बदललं आणि सोडा तोच ठेवला तर एकतर वडी तेलकट राहील किंवा अंग जाळील. वाटीने, चमच्याने मापू नका. सगळं, पाणीसुद्धा, काट्यावर तोला. आणि दुकानदाराकडून नीट विचारून घ्या, धुण्याचा सोडा किंवा खायचा सोडा इथे चालत नाही.

पुढचं मात्र लक्ष देऊन ऐका. कॉस्टिक सोडा कातडी जाळतो, डोळा कायमचा घालवतो. त्याचे पांढरे कण लहान मुलाला साखरेसारखे दिसतात. साखरेच्या, मिठाच्या डब्यात तो कधीही ठेवू नका. झाकण घट्ट लावून, वर ठळक लिहून, कुलपात ठेवा. साबण करताना मुलं आणि जनावरं लांब असावीत. रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच.

भांडे स्टीलचे किंवा जाड प्लास्टिकचे घ्या. ॲल्युमिनियमचे मुळीच नको, सोडा ते खातो. उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून बसा. पाण्यात सोडा थोडा थोडा सोडा, सोड्यावर पाणी कधीच ओतू नका, ते उसळून तोंडावर येते. पाणी आपोआप कढत होईल, वाफ निघेल, ती नाकात घेऊ नका. ते निवू द्या. दुसरीकडे तेल कोमट करा. दोन्ही भांडी बाहेरून कोमट लागली की सोड्याचं पाणी बारीक धारेने तेलात ओता आणि लाकडी दांड्याने ढवळत राहा. अर्धा तास, कधी तास-दीड तासही लागतो. दांडा उचलल्यावर पडलेल्या धारेची रेघ वर तशीच दिसू लागली की झालं. प्लास्टिकचा कागद घातलेल्या लाकडी खोक्यात ओता आणि गोणपाटाने झाका.

अंगावर उडालं तर कपडा काढून वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. लिंबू, ताक लावत बसू नका. डोळ्यात गेलं तर पाणी मारत मारतच दवाखाना गाठा. कुणी गिळलं तर ओकारी काढायला लावू नका, चूळ भरवून थेट मोठ्या दवाखान्यात न्या.

एक-दोन दिवसांनी, मोजे घालूनच, वड्या कापा आणि सावलीत, हवा खेळेल अशा फळीवर सुट्या मांडा. चार ते सहा आठवडे वापरायच्या नाहीत. घाई करणाऱ्याच्या हाताची आग होते आणि दोष साबणाला जातो. वाळल्यावर सव्वा किलोच्या आसपास माल हाती येतो. हळदीचा डाग या साबणाने लाल होतो म्हणून घाबरू नका, चांगल्या साबणानेही तो होतोच. मात्र वडीत पाण्याचे थेंब साचलेले दिसले तर ती अंगाला लावू नका.

करंजाचा उग्र वास थोडा राहतोच, म्हणून तो साबण धुण्याला बरा. त्याने खरूज बरी होते असं काही लोक सांगतात; मी तसं सांगणार नाही, खरजेला डॉक्टरचं औषध घ्यावं. महिला मंडळाला अंगाचा साबण करून विकायचा असेल, तर त्याला सौंदर्यप्रसाधनांच्या कायद्याखाली परवाना लागतो. जिल्ह्याच्या ठिकाणी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात आधी चौकशी करा, मगच खोकी बनवायला सुताराकडे जा.