कसबे तडवळ्याची शाळा
(धाराशिव जिल्ह्यातील एका सभेत झालेले भाषण)



डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांस आपण घटनाकार म्हणून नित्य वंदन करतो. आज आम्ही बोलणार ते गुरू म्हणून, आणि त्यासाठी आपल्याच जिल्ह्यातले कसबे तडवळे पुरे आहे. 1941 च्या फेब्रुवारीत, 22 व 23 तारखेस, तेथे महार-मांग वतनदार परिषद भरली. बाबासाहेब आले व गावच्या शाळेत उतरले. साताऱ्याच्या शाळेत ज्या पोराला घरून नेलेल्या गोणपाटावर निराळे बसावे लागे, शिपाई नसला तर तहानलेले राहावे लागे, त्याचा मुक्काम तडवळ्याच्या शाळेत पडला!

कोणी म्हणेल, परिषद वतनाची. तिचा विद्येशी काय संबंध? संबंध उघड आहे. वतनी चाकरी म्हणजे सांगावा पोचवा, अंमलदारापुढे धावा, मेलेले ढोर ओढा. वेळ नाही, काळ नाही. बाप परगावी असला तर घरातला जो गडी सापडेल त्यास जुंपीत. अशा घरचे पोर शाळेत किती दिवस टिकणार? बदल्यात जमिनीचा तुकडा आणि खळ्यावरचे बलुते. तो तुकडा हीच बेडी, हे आमच्या लोकांस पटविणे महाकठीण. कारण वतनदार या शब्दातच मान वाटे! बाबासाहेबांनी 1928 सालीच मुंबई कायदेमंडळात वतनाविषयी बिल आणले होते. मुंबई राज्यातली ही वतने मोडली ती 1958 च्या कायद्याने, त्यांच्या निधनानंतर.

बेडी तोडा म्हणणारे पुष्कळ, पुढची सोय पाहणारे थोडे. निजामी अमलात आपल्याकडच्या पोरास पदवी हवी तर हैदराबाद गाठावे लागे, आणि तेथे उस्मानिया विद्यापीठात शिकविणे उर्दूतून. बाबासाहेबांनी 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली व 1950 साली औरंगाबादेस कॉलेज उघडले. तेच मिलिंद महाविद्यालय. पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस. दार सर्व जातींस खुले. खेड्यातल्या पोरास नुसता वर्ग पुरत नाही, निजायला जागा व दोन वेळची भाकर लागते, म्हणून वसतिगृहेही आली. आज बाबासाहेबांच्या नावाच्या विद्यापीठाचे उपकेंद्र धाराशिवातच आहे.

आता थोडे कडू बोलतो. त्या परिषदेच्या नावात दोन जाती जोडीने होत्या. आपल्या गावातली शिकलेली माणसे आपण अभिमानाने मोजतो. त्यांत मातंग वस्तीतली किती, तेही ज्याने त्याने मोजून पाहावे. एकाच्या ताटात वाढून दुसऱ्याला पंगतीबाहेर ठेवणे हे भटशाहीचे काम. ते आपण कशास करावे?

तडवळ्याच्या शाळेचे स्मारक व्हावे, असे आम्हीही म्हणतो. परंतु वर्षातून एकदा हार आणि बाकी दिवस कुलूप, असले स्मारक आम्हांस नको. तेथे रात्री उशिरापर्यंत दिवा जळावा, पुस्तके असावीत, आणि दोन्ही वस्त्यांतील मुलींस बसावयास पहिली जागा मिळावी. पुस्तकांसाठी वर्गणीची वही मंडपाच्या दाराशी ठेविली आहे.