वाळूवरचं रान

आमच्या कळंबच्या माणसाला वाळू म्हटली की घोड नदी आठवते, आणि लगेच ब्रासचा भाव. वाळूवर घनदाट जंगल वाढतं असं मी गावात सांगितलं, तेव्हा मंडळी हसली. पण श्रोतेहो, ते जंगल मी पाहून आलोय.

माझी मुलगी ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला राहते. तिथून उत्तरेला ‘गरी’ नावाचं बेट आहे. पूर्वी त्याला फ्रेझर बेट म्हणत. बुचुल्ला या मूळ रहिवाशांचं जुनं नाव २०२३मध्ये सरकारनं अधिकृत केलं. लांबी सुमारे १२० किलोमीटर. जगातलं सर्वांत मोठं वाळूचं बेट! बार्जमधून गाडीसह उतरलो. किनारा हाच तिथला हमरस्ता. आत वळलो, तर दिवसाही गारवा आणि सावली. आभाळाला भिडलेली झाडं, आणि पांढऱ्या वाळूवरून जराही आवाज न करता वाहणारा ओढा.

हे जगतं कसं? समुद्रवारा क्षार आणून टाकतो, मुळांवरची बुरशी झाडाला अन्न मिळवून देते, आणि पडलेलं पान कुजून पुन्हा झाडाच्याच कामी येतं. कुजलेल्या पाल्यानं वाळूचा थर घट्ट होतो, त्यावर पावसाचं पाणी साठतं. टेकड्यांमधली निळीशार तळी अशीच झालेली आहेत.

हे बेट आपोआप वाचलेलं नाही. रुटाइल, झिरकॉन या खनिजांसाठी तिथंही वाळू उपसली जात होती. लोक लढले आणि १९७६च्या अखेरीस उपसा थांबला. १९९१मध्ये लाकूडतोड थांबली, आणि १९९२मध्ये युनेस्कोनं बेटाला जागतिक वारसा ठरवलं. तरीही २०२०मध्ये बेकायदा पेटवलेल्या एका शेकोटीनं जवळपास निम्मं बेट होरपळलं.

आपली घोड म्हणजे काही ते बेट नव्हे. पण वाळूचं काम दोन्हीकडे एकच, पाणी धरून ठेवायचं. उन्हाळ्यात नदीपात्रात हातभर उकरलं की गोड पाणी लागायचं, हे माझ्या वयाच्या माणसांना आठवत असेल. वाळू गेली की उरतो खडक. त्यावरून पाणी निघून जातं, आणि काठच्या विहिरींना ते जाणवतं. वरून येणारी वाळू डिंभे धरणात अडते, तेव्हा गेलेली वाळू लवकर भरून येणार नाही. म्हणून म्हणतो, ब्रासचा भाव करताना तिच्यातल्या पाण्याचाही हिशेब मांडा.